नकाराचं सक्तीचं प्रशिक्षण

चाकणच्या एका कंपनीतल्या कामगारांना 'नाही' म्हणता येत नाही, ही गंभीर बाब व्यवस्थापनाच्या निदर्शनास आली. त्यामुळे ताण वाढतो व उत्पादन घटते. सबब, 'ठामपणे नकार कसा द्यावा' हे प्रशिक्षण गुरुवारी, म्हणजे साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवण्यात आले. हजेरी अर्थातच सक्तीची.

पंचाईत झाली क्वालिटी विभागातल्या संघर्षची. आईबापांनी नाव मोठ्या आशेनं ठेवलेलं. पठ्ठ्यानं आजवर सुपरवायझरशी साधी हुज्जतही घातली नव्हती. गुरुवारी आकुर्डीला मिनलच्या घरी पाहण्याचा कार्यक्रम होता. ओव्हरटाइमपायी तो आधीच दोनदा पुढं ढकलला होता. फोनवर बोलूनच गडी मिनलवर पुरता भाळला होता. त्याच्या आईनं, भिमाबाईंनी बजावलं, "या वेळी गेला नाहीस, तर पोरगी हातची गेली म्हणून समज."

धीर करून तो एचआरच्या तनुजा मॅडमकडे गेला.

"मॅडम, गुरुवारी मी येणार नाही."

मॅडम खुर्चीतून उठल्याच. "वा! कारण नाही, माफी नाही, सरळ नकार! हेच तर शिकवायचंय आम्हाला. गुरुवारी सगळ्यांसमोर असंच म्हणून दाखवायचं."

"अहो, पण मी येणारच नाही ना!"

"आवाज अजून थोडा चढवा. बाकी झकास."

"मॅडम, मुलगी बघायला जायचंय हो!"

"हं, आता बिघडलं. कारण द्यायचं नाही."

संघर्ष 'बरं' म्हणून परत आला.

गुरुवारी त्यानं स्टेजवरून असे काही खणखणीत नकार दिले, की हॉल दणाणला. प्लांट हेडनी शाल-श्रीफळ देऊन 'आदर्श नकारकर्ता' म्हणून त्याचा सत्कार केला. तो खाली उतरतोय तोच मिनलचा फोन आला.

"कुठवर आलात? घरी सगळे थांबलेत."

"कंपनीत जरा अडकलोय... पुढचा गुरुवार चालेल का?"

"नाही," मिनल म्हणाली, आणि फोन ठेवला.

संघर्ष नारळ मांडीवर घेऊन मटकन बसला. शेजारी उभ्या तनुजा मॅडमना सगळं ऐकू आलं होतं. त्या भारावून म्हणाल्या, "काय स्वच्छ नकार होता! पुढच्या गुरुवारी दुसरी बॅच आहे, यांना पाहुण्या म्हणून आणाल?"

बिचाऱ्याला रडू फुटायचं बाकी होतं. तरी तो म्हणाला, "विचारतो, मॅडम."

हसलात? हसा, खुशाल हसा. पण तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आलाय: रविवारी सकाळी टाकी धुवायची आहे, देखरेखीला कोण थांबेल? तुमचा अंगठा कुठं निघालाय, तेवढं बघा.