रोज दोनदा भरती

"बाय, आज बाराक मोठी भरती आसा. बाळाक सांभाळ हां," घरमालकीणकाकूंनी मला सकाळीच बजावलं होतं.

मी हसून म्हटलं, "काकू, साक्षी आत्ताशी दोन वर्षांची. भरतीला अजून सोळा वर्षं आहेत. अठरा पूर्ण लागतात."

काकू मान हलवत नारळ सोलायला निघून गेल्या.

एरवी मी सूचना कानाआड करणाऱ्यांतली नाही. कोकणात चार दिवस निवांत राहायचं म्हणून समुद्रापासून लांबच्या आमच्या कुरुंद्याहून निघालो, तेव्हा तापमापी, ओआरएस, लेकराच्या तीन टोप्या, सगळ्यांचे कागद, असं एकूण एक मी दोन-दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गाठ मारून घेतलं होतं. वाळूत बसायचं तर माझ्या ओढणीचं एक टोक साक्षीच्या कमरेला, दुसरं माझ्या मनगटाला. माझा नवरा भीमराज म्हणायचा, "लेकरू हाय का वासरू?" पण 'भरती' म्हटलं की आमच्याकडे पोलीस भरती, दुसरं काही नाही. चंद्र, त्याचं आकर्षण वगैरे मी शाळेत लिहिलं होतं. मार्क पडले, विषय संपला.

शिवाय भरती आमच्या घरातच राहत होती. माझा दीर धम्मानंद. यंदा वयाची मर्यादा संपणार, म्हणजे शेवटची संधी. उंची बरोबर एकशे पासष्ट सेंटिमीटर, लागते तेवढीच. मोजणाऱ्याने पट्टी जरा दाबली की गेली. वाळूत पळून मांड्या भरतात एवढ्याच कारणाने तो आमच्यासोबत आला होता. कागदपत्रांची बॅग तर अंघोळीला जातानाही दाराशी ठेवायचा.

त्याने काकूंचं ऐकलं आणि न्याहारी अर्धी टाकून बॅगेसकट किनाऱ्यावर धावला. मी साक्षीला घेऊन मागोमाग. एक म्हातारे कोळी जाळं विणत बसले होते.

"आजोबा, भरती खरंच हाय का?"

"आसा मा. रोज येता. दिवसातसून दोनदा."

"रोज!" धम्मा मटकन वाळूत बसला. "आमच्याकडं चार-चार वर्षं निघत न्हाई! किती पळवतात?"

"ती खय पळवता? तीच धावत येता. पळाचा तुया."

"अन् उंची?"

"आज उंची जास्त. अमावास्या आसा."

धम्माचा चेहरा पडला. "अमावास्येला उंची वाढवतात? हा कुठला जीआर?"

"आणि ते कागद हयसर ठेव नको, बाबा. भिजतले."

ते शेवटचं वाक्य त्याने ऐकलंच नाही. तो फोन लावत होता. उजैर त्याचा गावातला पळायचा जोडीदार. ज्याला आधी बातमी लागेल त्याने दुसऱ्याला कळवायचं, असा दोघांचा करार.

"उजैर, काहून झोपून राहिला? इकडं समुद्रावर रोज भरती सुरू हाय! दोन-दोन टायमाला! उंची जास्त मागून राहिले, पण तुला काय, तू माझ्याहून बोटभर उंच हायस. कागदं घे अन् निघ!"

मग आजूबाजूला बघून मला म्हणाला, "वहिनी, एक पोरगं आलं न्हाई बघा. कोकणातली पोरं लई आळशी." कोणी यायच्या आत नंबर लागावा म्हणून रेशनच्या रांगेत चप्पल ठेवतात तशी त्याने बॅग पाण्याजवळ ठेवली, फोन तिच्या बाहेरच्या कप्प्यात, आणि स्वतः काकूंच्या आंब्याला जाऊन लोंबकळला. लटकल्याने उंची वाढते म्हणतात. बारापर्यंत वाढेल तेवढी वाढेल.

थोड्या वेळाने साक्षीची टोपी आपोआप चालायला लागली. पाण्यावर. तेव्हा कुठे ते जुने मार्क मला आठवले.

"धम्मा!" मी ओरडले. "भरती आली!"

त्याने फांदी सोडली, बनियन खोचला, छाती फुगवली आणि धावत आला. "कुठंय साहेब?"

"साहेब नाही! समुद्र!"

बॅग लाटेवर बसून निघाली होती. धम्मा तिच्यामागे झेपावला, ओरडा ऐकून घरातून आलेला भीमराज धम्माच्या मागे, आणि मी ओढणीला बांधलेली, जागच्या जागी किंचाळतेय. काकू बांबू घेऊन आल्या. "सकाळीच सांगलंय मा तुका!"

दोघं रिकाम्या हातांनी परतले.  धम्माची बारावीच्या निकालापासूनची सगळी वर्षं त्या बॅगेत होती.

ओहोटी लागल्यावर ती बॅग खडकात अडकलेली सापडली. आत माझ्या दोन पिशव्या, दोन गाठी, आणि कागद कोरडे ठणठणीत. धम्मा माझ्या पाया पडायला वाकला. भीमराज म्हणाला, "वाकू नको, उंची कमी होईल."

फोन मात्र गेला. आणि त्यावरूनच आम्हाला उजैर आठवला. भीमराजच्या फोनवरून त्याच्या अम्मीला, चाँदबींना लावला.

"वो तो कब का निकल गया, बेटा! आखे मोहल्ले में पेढे बाँट के निकला!"

त्याचा फोन लागत नाही. आणि धम्माने त्याला गावाचं नाव सांगितलंच नव्हतं. नुसतं 'समुद्रावर'.

म्हणून विनंती. तुम्ही कोकणात कुठेही राहत असाल, तर जरा तुमच्या किनाऱ्यावर डोकावून या. एक उंच पोरगा 'भरती कितीला?' विचारत फिरताना दिसला, तर जेवला का तेवढं बघा. आणि त्याची फाईल पाण्याजवळ नंबराला ठेवलेली असेल, तर आधी ती उचला. ती बांधताना मी तिथे नव्हते.