कॉफी गळेपर्यंत

काशीबाई जिते गावाहून रोह्याला आली ती रिकामी पिशवी घेऊनच. भावाचे कपडे भरायचे आणि संध्याकाळच्या गाडीने त्याला घेऊन परत फिरायचं, असा तिचा बेत होता. मैनावहिनी जाऊन महिना होत आला होता.

"दादा, तुला साधा चहा येत नाय. एकटा कसा राहशील?"

हैबतरावांनाही ते ठाऊक होतं. उभी नोकरी कंपनीच्या बॉयलरवर काढलेला हा माणूस, पण घरात त्यांनी कधी आधण ठेवलं नव्हतं. मैना गेल्यावर एकदोनदा चहा ठेवून पाहिला, तर तो उतू जाऊन गॅस विझला. कंपनीत अशा वेळी भोंगा वाजायचा. घरात मैना ओरडायची. आता दोन्ही नव्हतं.

पण त्यांना जायचं नव्हतं. मैनाच्या चपला अजून दाराशी होत्या. आपण जित्याला गेलो की घर आवरायच्या नावाखाली काशी पहिल्यांदा त्याच उचलील, हे ते ओळखून होते.

"चहा नाय, पण कॉफी येते," ते म्हणाले.

त्यांचा मुलगा सखा व्हिएतनामला जहाजांच्या कारखान्यात वेल्डर होता. आईच्या दिवसांना आला, तेव्हा तिकडचं एक छोटं पत्र्याचं फिल्टर, कॉफीची पुडी आणि घट्ट गोड दुधाचा डबा ठेवून गेला. "बाबा, गॅस नको. विजेच्या किटलीत पाणी तापवा, वरून ओता आणि बसून राहा. थेंब थेंब कॉफी खाली पडते." बसून राहणं हैबतरावांना हल्ली चांगलं जमत होतं.

"कर बघू," काशीबाई म्हणाली, आणि परीक्षेला बसवल्यासारखी समोर बसली. शेजारी बरोबर आलेले तिचे यजमान काळुराम.

हैबतरावांनी कपात दूध ओतलं, वर फिल्टर ठेवलं. पाहुण्यांना कमी नको म्हणून पूड शिगोशीग भरली. तिच्यावरची चकती स्क्रूची होती. कुठलाही स्क्रू दिसला की गच्च आवळायचा, ही बॉयलरवरची सवय. तो त्यांनी आवळला, पाणी ओतलं, झाकण ठेवलं. तिघं बघत राहिले. एक थेंब पडला.

"जाणारा जातो, हैबतराव," काळुराम म्हणाले.

"व्हय."

"आपल्या हातात काय नसतं."

"नाय."

सांत्वनाचं बोलणं संपलं, तरी दुसरा थेंब काही आला नाही.

"गाडी जाईल, दादा."

"थांब गो. येईल."

काळुरामांनी फिल्टरवर टिचकी मारली. काही झालं नाही. मग काशीबाईचा धीर सुटला. तिने चमच्याने चकती उपटायला घेतली. फिल्टर कलंडलं, कप त्याच्याबरोबर गेला आणि सगळी कॉफी, दूध, चोथा काळुरामांच्या पांढऱ्या लेंग्यावर उतरला. भाजलं फारसं नाही, पण तसल्या लेंग्याने गाडीत बसणं अशक्य होतं. तो धुऊन पंख्याखाली टाकेपर्यंत गाडी गेली.

काळुराम हैबतरावांची लुंगी नेसून बसले. काशीबाई भात टाकायला आत गेली. मैनावहिनीच्या डब्यांची झाकणं उघडल्याचे आवाज थोडा वेळ आले.

"हैबतराव," काळुराम हळूच म्हणाले, "हे मला शिकवाल काय?"

"कशाला, दाजी?"

"मलाबी चहा येत नाय. आणि ही हल्ली लय खोकते."

आतले आवाज थांबले. ते या दोघांच्या लक्षात आलं नाही.

"चकती हलकी ठेवायची," हैबतराव म्हणाले. "मी आवळली, तिथं चुकलो."

या वेळी काळुरामांनी फिल्टर लावलं, आणि कॉफी नीट गळू लागली. काशीबाई दाराशी येऊन उभी राहिली.

"कोणासाठी चाललंय?"

"तुझ्यासाठी," काळुराम म्हणाले. सगळ्या संसारात त्यांनी बायकोच्या हातात कप दिला नव्हता. तो दोन्ही हातांनी धरून ते पुढे आले. काशीबाई बसली. एक घोट घेऊन थांबली, आणि मग उरलेलं औषध प्यावं तसं पिऊन टाकलं.

"गोड हाय ना?"

"हाय," ती म्हणाली. दूध घालायचं काळुराम विसरले होते.

सकाळी हैबतरावांनी स्वतःच कपड्यांची घडी पुढे ठेवली. रात्री बहिणीच्या हातचा भात खाताना त्यांचा न जायचा हट्ट हरला होता.

"चल काशे. येतो मी."

काशीबाईने पिशवी काखेत मारली. "कशाला? चहा न येणारा एक हाय माझ्याकडं. दोघं कुठं सांभाळू?" ती निघाली, पायरीवर थांबली. "सखाला फोन कर. तसलं फिल्टर अजून एक पाठव म्हणावं."

"तुला आवडली?"

"मला कसली आवडते? ह्यांच्यासाठी. मी हाय तोवर हात बसू दे."