चौदा जणांचं तर्पण

गेल्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला, सकाळी साडेआठ वाजता, ताप्तीच्या राजघाटावर मधुकर महाजन, वय बासष्ट, राहणार लालबाग, बुऱ्हाणपूर, यांनी चौदा मृतांच्या नावे तर्पण केलं. हे चौदाही जण एकाच अवकाशयानावर नोकरीला होते. त्यांच्यापैकी एकही कधी जन्माला आला नव्हता.

मी तिथे हजर होतो. मी इथल्या एका वर्तमानपत्राचा वार्ताहर, आणि महाजनांचं घर माझ्या घराला लागून आहे. त्या सकाळी त्यांची स्कूटर सुरू होईना, म्हणून मी त्यांना घाटावर नेलं. हातात तांब्या, काळे तीळ, दर्भ आणि एक लांबट रजिस्टर होतं.

आई-वडिलांचं, आजोबा-पणजोबांचं झाल्यावर त्यांनी रजिस्टर उघडलं.

"आता ही कोण मंडळी?" गुरुजींनी विचारलं.

"ओळखीची आहेत."

"गोत्र?"

"माहीत नाही."

गोत्र माहीत नसलं की काश्यप धरतात. टोमास, काश्यप गोत्र. ओल्गा, काश्यप गोत्र. चौथ्या नावाला गुरुजी थांबले.

"मधुभाऊ, हे लोक क्रिश्चन आहेत का?"

"तसं कुठं लिहिलेलं नव्हतं."

"गेले कसे?"

"यानात. सगळे एकदमच म्हणा ना."

गुरुजींनी ते विमान समजून घेतलं आणि "अरेरे" म्हणाले. उरलेली दहा नावं त्यांनी जास्त सावकाश घेतली. शेवटी रजिस्टरावर बोट ठेवून म्हणाले, "ही तर पंधरा आहेत. एक राहिलं."

"पंधराव्याचं अजून नक्की नाही," मधुभाऊ म्हणाले आणि त्यांनी रजिस्टर मिटलं.

मधुभाऊंनी पस्तीस वर्षं बसस्टँडवरच्या 'पूछताछ' खिडकीमागे काढली. आधी सरकारी गाड्या होत्या, मग खाजगी आल्या. मालक बदलले, खिडकी तीच राहिली, आणि खिडकीतला माणूसही. त्यांनी कधीच कुठलीही बस 'रद्द' झाल्याचं सांगितलं नाही. बस येणार का, असं विचारलं की ते म्हणत, "आलेली नाही, एवढंच नक्की आहे."

"अहो, पण येणार आहे का?"

"ते मला कसं माहीत? आलेली नाही, एवढंच नक्की आहे."

यावरून भांडणं होत. एकदा खंडव्याहून येणारी गाडी असीरगढच्या उतारावर बंद पडली. तिचा कंडक्टर मिळेल त्या वाहनाने बसस्टँडवर येऊन, खिडकीसमोरच्या टपरीवर चहा पीत, गाडीचं इंजिन कसं गेलं ते सगळ्यांना सांगत होता. मधुभाऊ त्याच्याकडे बघत माइकवर सांगत होते, "खंडवा गाडी अद्याप आलेली नाही." कंडक्टर म्हणाला, "भाऊ, ती नाय येणार आज. मीच सांगतोय ना." चार वाजता केळीच्या ट्रकने ती गाडी ओढून आणली. मधुभाऊंनी माइक घेतला. "खंडवा गाडी आलेली आहे." घटनेला साक्षीदार बरेच आहेत. मी दोघांकडून खात्री करून घेतली.

निवृत्तीच्या दिवशी इंदूरच्या मुलीने, वैशालीने, फोनवर विचारलं, बाबा, तुम्हाला काय हवंय? ती कॉम्प्युटर कंपनीत आहे. घड्याळ, मोबाइल, तीर्थयात्रा, अशी तिची अपेक्षा होती. मधुभाऊ म्हणाले, "टीव्हीवर खेळायचं ते यंत्र. त्यात अवकाशयानाचा खेळ पाहिजे. आणि हातात धरायचे ते दोन पाहिजेत."

"दोन कंट्रोलर? आई खेळणार आहे का?"

"मी?" वहिनी मागून म्हणाल्या. "मला रिमोट सापडला तरी पुरे."

वैशालीने दोन पाठवले. खेळ मात्र एकाच माणसाने खेळायचा निघाला. एक कंट्रोलर वापरात आला. दुसरा प्लॅस्टिकच्या पिशवीसकट शोकेसमध्ये, लग्नातल्या चांदीच्या वाटीशेजारी गेला. "परत पाठवा, बदलून देते," असं वैशाली तीनदा म्हणाली. "असू दे," असं मधुभाऊ तीनदा म्हणाले.

खेळ असा आहे. पंधरा माणसांचं एक यान एका काळ्या ग्रहाजवळ जाऊन थांबलं आहे. आपण सोळावे, चौकशीला पाठवलेले. यानात शिरावं तर सगळे गेलेले. ठिकठिकाणी त्यांच्या टाचणवह्या आणि आवाजाच्या फिती पडलेल्या. त्या वाचत, ऐकत जायचं आणि काय झालं ते जुळवायचं. हळूहळू कळतं, की ग्रह हा ग्रह नाही. ती झोपलेली कसलीतरी चीज आहे. तिला आकार नाही, नाव नाही. ती पंधरा जणांवर चिडलेलीही नव्हती. तिने फक्त झोपेत कूस बदलली.

वैशालीने वडिलांना फोनवर समजावलं. मी समोर बसलो होतो आणि फोन स्पीकरवर होता. "बाबा, भीतीचा हा निराळाच प्रकार आहे. भुताला निदान तुम्ही तरी हवे असता. याला तुमच्याशी काही देणंघेणंच नाही. तुम्ही आहात हेच त्याला माहीत नाही. विश्वात माणसाला किंमत शून्य, ही ती भीती."

"मतलब, वरचं ऑफिस," मधुभाऊ म्हणाले.

"काय?"

"अर्ज पाठवा, उत्तर नाही. पण ऑफिस असतं बरं का. त्यात घाबरण्यासारखं काय आहे?"

मग वैशाली म्हणाली, "बाबा, जेवलात का?"

मधुभाऊ खरोखरच घाबरत नसत. त्या चीजेच्या जवळ गेलं की खेळणाऱ्याची बुद्धी ढळू लागते आणि ते दाखवायला टीव्हीवरचं चित्र थरथरतं, भिंती वितळतात, रंग फिके पडतात. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मधुभाऊंनी यंत्र बंद केलं आणि वहिनींना हाक मारली. "फ्रिज बंद कर. व्होल्टेज वरखाली होतंय." दुसऱ्या दिवशी स्टॅबिलायझर आला. चित्र तरीही थरथरलं. मग वायरमन आला. त्याने बोर्ड उघडला, मीटर तपासलं, तो खांबावर चढून उतरला आणि शेवटी टीव्हीसमोर उभं राहून त्याने मधुभाऊंना खेळ पुढे न्यायला सांगितलं. चित्र थरथरलं. भिंतीतून काहीतरी डोळ्यासारखं उघडलं.

वायरमनने पक्कड पिशवीत टाकली. "भाऊ, लाइन बरोबर आहे. ये अंदर से आ रहा है." चहा न घेताच तो गेला. वहिनी सांगतात, त्यानंतर आमच्या गल्लीत काम असलं की तो भावाला पाठवतो.

दुसरे लोक हा खेळ आठवड्यात संपवतात. मधुभाऊंना दहा महिने लागले, कारण ते प्रत्येक मेलेल्या माणसापाशी थांबत. रजिस्टरात रकाने पाडलेले होते. नाव. हुद्दा. कुठे सापडला. घरी कोण. शेवटचं वाक्य. इंग्रजी अडलं की वैशालीला फोन. "टोमास, इंजिनरूम, घरी आई. शेवटचं वाक्य: पंप दुरुस्त झाला आहे." यावर मधुभाऊ बराच वेळ बोलत होते. "पंधरा मिनिटांत मरणार हे माहीत होतं त्याला, पत्रकारजी. तरी पंप दुरुस्त करून गेला."

"पण मधुभाऊ, टोमास नाहीच आहे," मी म्हणालो.

"ते मला कळतं. मला बुद्धू समजू नका. पण मला सांगा, इतका लांब गेलेला माणूस, त्याच्या आईला कोणी कळवलं का?"

तर्पणाची कल्पना तिथून निघाली. वहिनींनी एकच अट घातली, जेवायला चौदा ब्राह्मण सांगायचे नाहीत.

पंधरावा म्हणजे यानावरचा रेडिओवाला. नाव इव्हान. त्याचं शव यानात कुठेच सापडत नाही. फक्त त्याचा आवाज येतो. "मी खालच्या डेकवर आहे. कोणी आहे का?" कंट्रोलरवरचं एक बटण दाबलं की आपला माणूस उत्तर देतो, "मी आहे." मग थोडी खरखर, आणि पुन्हा तेच. खालच्या डेकवर शेवटचं दार आहे. ते उघडलं की खेळ संपतो.

मधुभाऊ त्या दाराशी गेल्या वर्षी पावसाळ्यात पोचले. दार त्यांनी उघडलं नाही.

वैशालीने चौकशी केली. हा खेळ खेळलेल्या लोकांनी इंटरनेटवर पानंच्या पानं लिहिली आहेत. त्यांचं एकमत आहे, की इव्हान पहिल्याच दिवशी गेला. तो आवाज चीजेचा आहे. झोपेत बडबडावं तसा. दार उघडल्यावर खेळाचे शेवट दोन आहेत आणि दोन्हींत इव्हान नाही.

"या इंटरनेटवाल्यांनी बॉडी पाहिली का?" मधुभाऊंनी विचारलं.

"नाही, बाबा. बॉडी नाहीच आहे."

"मग?"

"मग काय मग? तो गेलाय. सगळ्यांना माहीत आहे."

"सापडलेला नाही, एवढंच नक्की आहे," मधुभाऊ म्हणाले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहा वाजता, चहा झाल्यावर, ते यंत्र सुरू करतात. दाराशी उभं राहतात. इव्हान विचारतो, कोणी आहे का? मधुभाऊ बटण दाबतात. असं पंधरा मिनिटं चालतं. मग ते यंत्र बंद करून भाजी आणायला जातात. वहिनी त्या वेळात शेंगा सोलतात. कधी मधुभाऊंचे हात गुंतलेले असले तर स्वयंपाकघरातून ओरडतात, "अहो, तो विचारतोय. द्या ना उत्तर."

पुढची माहिती वहिनींकडून मिळाली. मधुभाऊंनी तिचा इन्कार केलेला नाही.

मधुभाऊंना एक धाकटा भाऊ होता, दिलीप. मधुभाऊ नुकते नोकरीला लागले तेव्हा बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात नाणं टाकून खेळायचं एक मोठं यंत्र आलं होतं. त्यात अवकाशयानं पाडायची असत. दिलीप शाळेच्या वेळात तिथे सापडायचा. त्याला घरी नेण्याचं काम मधुभाऊंकडे होतं. ते खिडकी बंद करून यायचे आणि आधी दोघं मिळून एक डाव खेळायचे, मग घरी जायचे. अकरावीत दिलीप नापास झाला. वडील बोलले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बसस्टँडवर आला आणि एका बसमध्ये बसला. वय सतरा. त्यानंतर त्याची काहीही खबर नाही.

त्या दुपारी 'पूछताछ' खिडकीवर मधुभाऊच होते. नोकरीला लागून त्यांना आठ महिने झाले होते. दिलीप कोणत्या बसने गेला, हे त्यांना सांगता आलं नाही.

हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहतात आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचं सगळं उरकतात. बारा वर्षं झाली तेव्हा गुरुजींच्या वडिलांनी तसं सुचवलं होतं. मधुभाऊंच्या वडिलांनी होकारही दिला होता. पानं आली होती. मधुभाऊंनी ती परत पाठवली. वडील जाईपर्यंत दोघं त्या विषयावर बोलले नाहीत.

या वर्षी सर्वपित्रीला स्कूटर चालू होती. तरीही मधुभाऊंनी मला बरोबर घेतलं. गुरुजींना यादी आता पाठ झाली होती. टोमासला ते "आपला पंपवाला" म्हणाले. चौदा नावं झाली. तांब्यात थोडं पाणी उरलं होतं. गुरुजींनी दर्भ हातात तसाच ठेवला आणि आवाज उतरवून म्हणाले, "मधुभाऊ, राग नका मानू. मी पण आता साठीला आलो. बारा वर्षांच्या जागी तीसच्या वर झाली. दिलीपचं नाव घेऊ का? त्यालाही बरं वाटेल, तुम्हालाही."

शेजारच्या पायरीवर एक कुटुंब कावळ्यांना हाका मारत होतं. मधुभाऊंनी ती गर्दी पाहिली, मग नदी पाहिली.

"आलेला नाही, एवढंच नक्की आहे, गुरुजी," ते म्हणाले.

गुरुजींनी मान हलवली आणि दर्भ खाली ठेवला. उरलेलं पाणी मधुभाऊंनी घाटावरच्या तुळशीला घातलं. परत येताना आम्ही मावा जिलेबी घेतली. वैशाली सुट्टीवर आलेली होती, तिला ती आवडते. दुपारी चौघं जेवलो. वहिनींनी खीर वाढली. वैशालीने शोकेसकडे बोट दाखवून विचारलं, "आई, तो दुसरा कंट्रोलर अजून तसाच? बॅटरी मरून गेली असेल त्याची."

"का मरेल?" वहिनी म्हणाल्या.

मी जेवण झाल्यावर पाहिलं. पिशवी काढलेली नाही. तिला खालच्या बाजूने वायर जाईल एवढं भोक पाडलं आहे. दर रविवारी सकाळी दोन्ही कंट्रोलर चार्जिंगला लावले जातात. बॅटरी पूर्ण भरलेली होती.