नाक ते शेपूट तीस मीटर

“बाबा, यंत्र विचारतंय, दोन रडारांमधलं अंतर किती?” फेरीबोटीच्या केबिनमध्ये नव्या पडद्यासमोर गुडघे टेकून बसलेल्या जावयानं विचारलं. बाबा म्हणजे त्याचे सासरे, या बोटीचे कप्तान.

“तीस मीटर,” खिडकीतून नजर न हलवता कप्तान म्हणाले.

बोटीच्या नाकाशी एक रडार होतं, दुसरं मागे. दोघांना दिसलेलं एकाच पडद्यावर आणायचं तर कोण कुठे उभं आहे, हे यंत्राला आधी सांगावं लागतं.

“नजरेला जरा कमी वाटतंय. टेपनं मोजून घेऊ का?”

“पस्तीस वर्षं ही बोट हाकतोय मी, जावईबापू. नाक ते शेपूट तीस मीटर. घाला तीस!”

सासऱ्यांनी सांगितलेलं माप सासऱ्यांदेखत मोजायचं, हे काही जावयाच्या हातून होईना. त्यानं अर्धी बाहेर आलेली टेप मुकाट्यानं खिशात सारली आणि तीस घातले.

पण मागचं रडार शेपटीला नव्हतंच. गेल्या वर्षीच्या दुरुस्तीत ते मधल्या छपरावर आलं होतं. कप्तानांच्या डोक्यात मात्र ते अजून जुन्या जागीच फिरत होतं.

दहाला नवं यंत्र तपासायला निरीक्षकबाई आल्या. बाहेर धुकं असं, की हातभर अंतरावरचा माणूस ओळखू येईना. आज दाखला मिळाला तर धुक्यातही फेऱ्या चालणार होत्या. नाहीतर धुक्याचे तीन महिने बोट दोराला आणि कप्तान घरी, सासूबाईंच्या हाताखाली.

बोट निघाली. पडद्यावर एक ठिपका उमटला. लगेच शेजारी दुसरा.

“दोन होड्या!” कप्तानांनी भोंगा वाजवून बोट लांबच्या लांब वळवली.

धुक्यातून एकच होडी आली. “अहो, एवढं काय घाबरता?” होडीवाला ओरडला. “एकटाच आहे मी, फौज नाही आणली!”

“दुसरी कुठे गेली?” बाईंनी विचारलं.

“मागे राहिली असेल.”

बाईंनी ते टिपून घेतलं.

पलीकडचा धक्का जवळ आला. उतारू पिशव्या घेऊन उभे राहिले. पडद्यावर धक्क्याची रेघ अगदी टेकली, तसे कप्तान गरजले, “टाक दोर!”

खलाशानं दोर फेकला. चुबुक!

“कप्तानसाहेब,” खालून दबका आवाज आला, “धक्का कुठाय?”

बाई पडद्यावर वाकल्या. “इथे तर धक्केसुद्धा दोन आहेत. कोणी जुळवलं हे?”

“मी,” जावई म्हणाला. “चूक माझी.”

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. “मग सगळंच नव्यानं तपासावं लागेल. आज दाखला नाही.”

कप्तानांनी जावयाकडे पाहिलं. तो खाली मान घालून उभा होता. कप्तानांचे कान लाल झाले.

“थांबा बाई. आकडा माझा. हा मोजत होता, मीच मोजू दिलं नाही. चुकलो.”

पस्तीस वर्षांत या केबिनमधून असा शब्द बाहेर पडला नव्हता. खलाशी ओला दोर ओढायचा विसरला.

“मग आता मोजा,” बाई म्हणाल्या.

भरले बारा मीटर. जावयानं आकडा बदलला आणि पडद्यावरचे दोन धक्के, भांडून दमलेल्या जावांसारखे, गुपचूप एक झाले. बाईंनी बाकी सगळं बारकाईनं पाहिलं. कुठे खोट निघाली नाही. सही झाली.

बाई उतरून गेल्यावर कप्तान हळूच म्हणाले, “शंका होती, तर मी नको म्हटलं तरी मोजलं का नाही हो?”

“तुमच्यासमोर कसं मोजणार, बाबा?”

कप्तानांनी मान डोलावली. अडचण खरी होती.

“पुढच्या वेळी मला सांगा,” ते म्हणाले. “मी तेवढ्यात चहा प्यायला खाली जाईन.”