सासऱ्यांची उद्घाटनाची फेरी

"नव्या ट्रॅकवर चुकायचं म्हटलं, तरी कुणाच्या बापाला चुकता येणार नाही!" आरशासमोर टाय बांधताना इंजिनियर म्हणाला.

"माझ्या बापाला सोडून बोल," बायको म्हणाली. "आज पहिली फेरी तेच मारणार आहेत."

इंजिनियरने बांधलेला टाय सोडला. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं. बसला की गुडघा हलायचा, उठला की येरझाऱ्या सुरू!

कारणही तसंच होतं. शर्यतीचा तो ट्रॅक पूर्वी निम्मा मैदानात आणि निम्मा गावाच्या रस्त्यांवर होता. गाड्या फाटकातून बाहेर सुटायच्या आणि बाजारातून घोंघावत जाऊन पुढच्या दाराने परत यायच्या. एकदा एक गाडी शिंप्याच्या दुकानात घुसली आणि शिवून ठेवलेल्या पँटी अंगावर घेऊन मागच्या भिंतीतून बाहेर पडली. तेव्हापासून शर्यती बंद!

आता इंजिनियरने सगळा ट्रॅक भिंतीच्या आत घेतला होता. जिथून गाड्या फाटकाबाहेर जायच्या, तिथे डावीकडे एक डौलदार वळण दिलं होतं. त्या वळणापायी त्याचे केस पिकले होते. क्लबचे अध्यक्ष म्हणाले होते, "आजचा दिवस पार पडला, की क्लबच्या पुढच्या दोन ट्रॅकचं कामही तुम्हालाच." आणि वर त्यांनीच हौसेने जुन्या विजेत्याला, म्हणजे इंजिनियरच्या सासऱ्यांना, पहिल्या फेरीचं आमंत्रण दिलं होतं. अण्णांना एके काळी लोक 'तुफान' म्हणत. हल्ली तुफानाला खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागत.

"अण्णा, नकाशा एकदा बघून घ्या ना," गाडीत शेजारी बसत इंजिनियर काकुळतीला आला.

"जावईबापू, मी इथे डोळे मिटून जिंकलोय!"

"म्हणूनच म्हणतो, उघडे ठेवा!"

झेंडा खाली आला. गाडी झोकात निघाली. टाळ्या पडल्या. वळण जवळ आलं.

"अण्णा, डावीकडे. डावीकडे! अहो, डावीकडे!!"

"घाबरू नका, फाटक उघडंच असतं!"

आणि खरंच, पाण्याचा टँकर आत यायचा म्हणून फाटक सताड उघडं होतं! डौलदार वळण डावीकडे राहिलं आणि गाडी सरळ बाजारात!

न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्ध्या गालाला फेस घेऊन दुकानाबाहेर आलं. भाजीवाली टोपलीसकट ओट्यावर चढली. इंजिनियरने सीट अशी कवटाळली, जशी शाळेच्या पहिल्या दिवशी पोर आईला कवटाळतं.

"अण्णा, थांबा!"

"थांबायचं कशाला? पुढे एकजण आहे!"

पुढे कचऱ्याची गाडी होती. अण्णांनी तिला झपकन मागे टाकलं. "एक गेला!"

मग दुधाचा टेम्पो. "दुसरा गेला!"

इंजिनियरचा फोन वाजला. बायको!

"अरे, आहात कुठे? माईकवाला म्हणतोय गाडी दिसेनाशी झाली!"

"बाजारात!"

"आत्ता? काय आणायला?"

त्याने उत्तर देईपर्यंत गाडी पुढच्या दाराने मैदानात शिरली. मागोमाग ट्रॅफिक हवालदार, मोटरसायकलवर, सायरन वाजवत! प्रेक्षकांना वाटलं, हा मानाचा ताफा. सगळे उभे राहून शिट्ट्या मारू लागले.

अध्यक्ष धावत आले. इंजिनियरने डोळे मिटून घेतले. पण अध्यक्षांनी अण्णांना मिठीच मारली!

"इतिहास जिवंत केलात! बघा हो, लोकांना जुनाच मार्ग हवाय!" मग इंजिनियरकडे वळून म्हणाले, "पुढची दोन्ही कामं तुमचीच, समजा. इथलं ते डावीकडचं वळण मात्र तेवढं काढून टाका."

इंजिनियरला हसावं की रडावं कळेना. अण्णांनी मायेने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"जावईबापू, ट्रॅक झकास केलात हो! अगदी होता तसा ठेवलात. फक्त एक सांगतो, राग मानू नका. शर्यतीत मधेच सिग्नल कशाला बसवलेत? लाल दिव्याला कोण थांबणार?"

"कोणीच थांबलं नाही, आजोबा," पावतीपुस्तक उघडत हवालदार म्हणाला.

अण्णांनी शांतपणे जावयाकडे बोट दाखवलं.

"यांना विचारा. ट्रॅक यांनी केलाय."