कुणाचाच नसलेला दिवस

कोरड्या दिवसाचा ठराव एकमताने मंजूर झाला, आणि त्या आनंदात सरपंच व्हेनेताबाईंनी कपाटातून राकिया या कडक गावठी दारूची बाटली काढली.

यात कुणालाच काही वावगे वाटले नाही. ड्रेनोव्हित्सा गावात ठराव मंजूर झाला की राकिया निघते; नामंजूर झाला तर जरा जास्त निघते. व्यसनप्रतिबंध समितीचे चारही सभासद हजर होते: सरपंचबाई, चर्चचे फादर एव्हस्ताती, दारूच्या गुत्त्याचा मालक तानास आणि सचिव स्पार्ताक लाझोव्ह. विषयाची जाण असलेला एक तरी माणूस समितीवर हवा, असे जिल्ह्याने कळवले होते, म्हणून तानासला घेतले होते. चौघांनी पेले उचलले, तरुण पिढीच्या आरोग्यासाठी रिकामे केले, आणि मग स्पार्ताकच्या लक्षात आले की ठरावात तारखेची जागा मोकळीच आहे.

ठराव साधा होता. वर्षातून एक दिवस गावात कुणी दारू विकायची नाही, पाजायची नाही, प्यायची नाही. जिल्ह्याचे निरीक्षक येऊन पाहणी करणार. दिवस नीट पार पडला तर समिती टिकणार आणि तिच्या सचिवाची पगारी जागाही टिकणार. नाही तर दोन्ही बंद. गावाचे वाचनालय बंद झाल्यावर स्पार्ताकला ही जागा मिळाली होती. हीसुद्धा गेली, तर निवृत्तीपर्यंत त्याला बसायला खुर्ची उरणार नव्हती.

"तारखेचं काय एवढं," सरपंचबाई म्हणाल्या. "कुठलाही दिवस घ्या."

स्पार्ताक कुठलाही दिवस घ्यायला बसला आणि अडकला.

कारण आमच्याकडे प्रत्येक दिवस कुठल्या ना कुठल्या संताचा, आणि त्या संताचे नाव धारण करणाऱ्या गावातल्या प्रत्येकाचा असतो. त्या दिवशी त्या माणसाकडे कुणी आमंत्रणाने जात नाही. ज्याला आठवण राहते तो जातो, आणि आठवण सगळ्यांनाच राहते. दार उघडे ठेवायचे, टेबल भरलेले ठेवायचे, येईल त्याचा पेला भरायचा. नावाच्या दिवशी ज्याच्या घरी पेला रिकामा राहिला, त्याची आठवण त्याच्या नातवंडांच्या लग्नातही काढली जाते.

जानेवारीत वासिल, योर्दान, इव्हान, अंतोन आणि खुद्द तानास. फेब्रुवारीत द्राक्षवेली छाटायचा सण. तोही अर्धे गाव नव्या पंचांगाने आणि अर्धे जुन्या पंचांगाने करते, आणि दोन्ही अर्धी एकमेकांकडे जातात. मे महिन्यात गेओर्गी. उन्हाळ्यात पेतर, पावेल, इलिया. सप्टेंबरात द्राक्षांची तोडणी, आणि ऑक्टोबरात गावाच्या भट्टीवर राकिया गाळायला रांग. त्या महिन्यात नुसता खोल श्वास घेतला तरी ठराव मोडला असता. स्पार्ताकने ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस सुचवले. त्यावर फादर एव्हस्तातींनी हरकत घेतली. लोक सरकारी हुकमाने उपास पाळू लागले, तर त्याचे पुण्य जिल्हा कचेरीच्या खात्यावर जमा होईल, आणि ते काही देवाला रुचणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

स्पार्ताक चर्चचे पंचांग घरी घेऊन गेला. रोज रात्रीच्या जेवणानंतर चष्मा लावून तो एकेक दिवस तपासायचा आणि बायकोला, नेव्हेनाला, विचारायचा, "आपल्या गावात कुणी मेथोदी आहे का?"

"गिरणीमागे राहतात ते."

"ते वारले ना?"

"त्यांचा जावई मेथोदी आहे."

या शोधात एक गोष्ट अशी होती, की तिच्याबद्दल नवरा-बायको दोघेही बोलत नसत. स्पार्ताकला स्वतःला नावाचा दिवस नव्हता. त्याच्या वडिलांनी गुलामांच्या बंडाच्या त्या जुन्या म्होरक्याचे नाव मुलाला मोठ्या अभिमानाने ठेवले होते, आणि तो म्होरक्या काही संत नव्हता. आईने मात्र मुलगा झाला त्या वर्षी द्राक्षांच्या राकियाचा वेताने विणलेला एक बुधला तळघरात ठेवला होता, पोराच्या पहिल्या नावाच्या दिवशी फोडू म्हणून. बुधला अजून तिथेच होता. स्पार्ताक जन्मभर सगळ्यांच्या टेबलांवर जाऊन आला. त्याच्या टेबलावर लोक यायचे ते नेव्हेनाच्या दिवशी. तिचे नाव फुलाचे, आणि फुलांच्या नावांचा दिवस ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी येतो. त्या दिवशी तो दारात उभा राहून लोकांचे कोट घ्यायचा.

शेवटी त्याला एक दिवस सापडला. चोवीस मार्च. त्या दिवसाच्या संतांची नावे इतकी अवघड होती, की ड्रेनोव्हित्सातल्या एकाही आईने ती आपल्या पोराला ठेवायचे धाडस केलेले नव्हते. स्पार्ताकने समितीपुढे तारीख ठेवली. दिवस उपासाच्याच काळातला होता, त्यामुळे त्याला फादरची भीती होती. पण फादरनी पंचांग हातात घेतले, एक पान उलटून पुढचा दिवस पाहिला, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "छान आहे. हाच घ्या."

तारीख ठरली. बाटली निघाली.

चौकात, चर्चच्या दारावर आणि गुत्त्याच्या दारावर पत्रके लागली. लोकांनी ती वाचली आणि विचारात पडले. दिवस आहे, तर कुणाचा तरी असणारच. विहिरीजवळच्या बाकावर पुष्कळ चर्चा झाली, आणि स्पार्ताकच्या शेजारच्या स्तोयना आजींनी तिचा निकाल लावला.

"तुम्हाला कळत कसं नाही," आजी म्हणाल्या. "माणूस हिवाळाभर चष्मा लावून पंचांग चाळत होता. मी खिडकीतून बघत होते ना. मोकळा दिवस कशाला शोधत होता? बिचारा लाजतो. आपल्या तोंडाने कसा म्हणेल, की मलापण एक दिवस द्या?"

"पण पत्रकावर लिहिलंय की प्यायची नाही," तानास म्हणाला.

"ते तुझ्या गुत्त्यासाठी. लोकांनी तुझ्याकडे न जाता त्याच्याकडे जावं म्हणून."

तानासने यावर बराच विचार केला आणि त्याला ते पटले. पटण्यासारखेच होते. उलट इतकी वर्षे स्पार्ताक आपल्याकडे येऊन जेवून गेला आणि आपण त्याच्या नावाने एकदाही त्याच्याकडे गेलो नाही, याची सगळ्यांना थोडी लाज वाटली. त्याला आगाऊ कुणी काही बोलले नाही. नावाच्या दिवसाचे आगाऊ कुणी बोलतच नसते.

चोवीस मार्चला सकाळच्या बसने निरीक्षक तोशेवाबाई उतरल्या. उंच, काटक बाई. मार्चमध्ये सगळे मनगटाला बांधतात तो लाल-पांढरा दोरा कोटाच्या बाहीतून डोकावत होता. जिल्ह्याच्या सगळ्या कागदांवर 'ले. तोशेवा' अशी जी सही असायची, ती यांची. त्या कुठल्याही गावात चहासुद्धा घेत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती.

स्पार्ताकने त्यांना गाव दाखवायला सुरुवात केली. बर्फ वितळून रस्त्याचा चिखल झाला होता. गुत्ता बंद, खुर्च्या टेबलांवर उलट्या. बाईंनी काचेला नाक लावून आत पाहिले आणि वहीत खूण केली. दुकान बंद. भट्टी थंड. बाकावर कुणी नाही. दुपार होईपर्यंत त्यांना रस्त्यात एक कुत्रा आणि दोन बदके भेटली, आणि तिन्ही शुद्धीत होती.

"पंधरा वर्षं मी पाहणीला फिरतेय," तोशेवाबाई म्हणाल्या, "पण इतकं कोरडं गाव पाहिलं नाही. माणसं कुठं आहेत?"

स्पार्ताकलाही तोच प्रश्न पडला होता. एवढ्यात त्याचा फोन वाजला.

"अहो, घरी या," नेव्हेना कुजबुजत होती.

"पाहणी चाललीय."

"अख्खं गाव घरात आहे. तुमच्या नावाचा दिवस आहे म्हणे आज."

स्पार्ताक चालता चालता थांबला.

"काय दिलंस?" त्याने विचारले.

"भोपळ्याची गुंडाळी, घेवड्याचं सूप आणि चहा. चहाकडे सगळे असे बघतायत, जसं काही घरात कुणीतरी आजारी आहे. सरपंचबाई आल्यात. फादरही आलेत. कोट पलंगावर मावत नाहीत. काय करू?"

"काही ओतू नकोस," स्पार्ताक म्हणाला. हे बोलताना त्याला आपल्याच आवाजाचा राग आला.

जन्मात पहिल्यांदा लोक त्याच्यासाठी त्याच्या दारात आले होते. पेले भरावेत तर खुर्ची जाणार. न भरावेत तर नावाच्या दिवशी चहा पाजणारा माणूस म्हणून तो गावाच्या स्मरणात राहणार, आणि त्याच्या दारात पुन्हा कधी कुणी येणार नाही. कुठली गोष्ट जास्त वाईट, हे त्याला ठरवता येईना. आणि ठरवता येत नाही हेच त्याला फार लागले, कारण कायद्याच्या माणसाला ते सहज ठरवता यायला हवे होते.

त्याने बाईंना गावाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचे ठरवले. नदी दाखवली. जुना पूल दाखवला. पुलावर दारू मिळत नाही हे बाईंच्या लगेच लक्षात आले. त्यांच्या बुटात पाणी शिरले होते.

"आता कुठंतरी बसून अहवाल लिहू या," त्या म्हणाल्या. "पंचायतीत चला."

पंचायतीला कुलूप होते.

"किल्ली कुणाकडे असते?"

"सरपंचबाईंकडे."

"त्या कुठं आहेत?"

स्पार्ताक खोटे बोलला असता, पण त्याची त्याला सवय नव्हती, आणि नवशिक्याने निरीक्षकापुढे सुरुवात करू नये एवढे त्याला कळत होते. "माझ्या घरी," तो म्हणाला.

दार उघडले. गाव दाटीवाटीने बसले होते. प्रत्येकापुढे भरलेली बशी आणि रिकामा पेला. राकियाचे छोटे पेले नेव्हेनाने मांडले होते. न मांडणे तिला जमलेच नव्हते. तोशेवाबाईंनी पेले पाहिले, वाकून एकाचा वास घेतला. कोरडा.

"हे काय चाललंय?"

सरपंचबाईंनी समितीची विस्तारित बैठक असा काहीतरी शब्द उच्चारला. पण तेवढ्यात स्तोयना आजी बोलल्या. "नावाचा दिवस आहे, बाई. स्पार्ताकचा. साठीला आला, पहिलाच आहे त्याचा. तुम्ही आलाच आहात तर बसा. पण प्यायला मिळेल अशी आशा धरू नका, सकाळपासून चहावर ठेवलंय त्याने."

कुणीतरी उगाच खोकले. स्पार्ताक दारातच उभा होता. सवयीने त्याने बाईंचा कोट हातात घेतला होता.

"मी ओतलं नाही," तो म्हणाला. "ओतायची इच्छा होती. तळघरात आईने ठेवलेला बुधला आहे. पण ठराव मीच लिहिलाय."

"स्पार्ताक या नावाचा संतच नाही," तोशेवाबाई म्हणाल्या.

"नाही."

"मग तुमच्याकडे कधीच कुणी...?"

"नाही."

बाई बसल्या. ओले बूट त्यांनी टेबलाखाली ओढून घेतले. मग म्हणाल्या, "माझे वडील कारखान्यात कम्युनिस्ट पार्टीचे चिटणीस होते. मला बहिणी दोन. एक मारिया, एक आना. त्यांच्या वेळी ते अजून चिटणीस झाले नव्हते." पुढे त्यांनी सांगितले, "माझं नाव लेनिना."

घरातून एक लांब सुस्कारा निघाला. स्तोयना आजींनी सरकून जागा केली आणि गुंडाळीचा मोठा तुकडा त्यांच्या बशीत घातला. नियम मात्र नियम होता, आणि तो आता एका टेबलावर दोघांच्या नरड्यात अडकला होता.

तेव्हा फादर एव्हस्ताती उठले. त्यांनी हातावरचे घड्याळ पाहिले, खिडकीतून आकाश पाहिले. सूर्य अजून टेकडीच्या बराच वर होता.

"चर्चच्या हिशेबाने दिवस संध्याकाळच्या प्रार्थनेला संपतो," ते शांतपणे म्हणाले. "घंटा झाली की उद्याचा दिवस लागतो. आणि उद्या ब्लागोवेश्तेनिये. देवदूताने मरियमेला शुभवर्तमान सांगितलं तो सण. त्या दिवशी उपासातही वाइनला परवानगी आहे."

"वाइनला," तोशेवाबाई म्हणाल्या. त्या निरीक्षकच होत्या.

"राकिया कशाची आहे?" फादरनी विचारले.

"द्राक्षांची," स्पार्ताक म्हणाला.

"मग भांडण कसलं?" फादरनी कोटांच्या ढिगातून आपला कोट शोधून काढला. "ठरावात दिवस कुठल्या हिशेबाने धरायचा ते लिहिलंय का?"

सगळ्यांनी स्पार्ताककडे पाहिले. लिहिले नव्हते. ठरावाच्या दिवशी बाटली जरा लवकर निघाली होती.

त्या वर्षी ड्रेनोव्हित्सात चोवीस मार्चची संध्याकाळ चहाच्या वेळेलाच झाली. घंटा इतकी जोरात वाजली, की शेजारच्या गावाला आग लागल्यासारखे वाटले. प्रार्थना आटपून फादर परत येईपर्यंत कुणी पेल्याला हात लावला नाही. एवढी शिस्त गावात पूर्वी कधी दिसली नव्हती. मग स्पार्ताक तळघरात गेला आणि बुधला उराशी धरून वर आला. बूच काढल्यावर खोलीत जो वास पसरला, त्याने तानासने टोपी काढली. पहिला पेला स्पार्ताकने पाहुण्या बाईंचा भरला. एक थेंबही सांडला नाही.

"नाव अखंड राहो," तोशेवाबाई म्हणाल्या.

"तुमचंही," स्पार्ताक म्हणाला.

अहवाल आठवड्याने आला. दिवस सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ड्रेनोव्हित्सात दारूचा एक थेंबही आढळला नाही, ग्रामस्थांचा संयम अनुकरणीय आहे, समिती आणि सचिवाचे पद कायम ठेवावे, असे त्यात म्हटले होते. तारीख बदलू नये, अशी शिफारस होती. शेवटच्या कलमात लिहिले होते, की या दिवसाचे स्वरूप पाहता कागदोपत्री देखरेख पुरेशी नाही. निरीक्षकांनी दरवर्षी सचिवाच्या घरी जातीने हजर राहणे आवश्यक आहे.

खाली सही होती. स्पार्ताकने ती नेव्हेनाला दाखवली. पहिल्यांदाच पूर्ण नाव लिहिले होते.