साळव्यांचे पेशंट

आमच्या ऑफिसातले साळवे रोज सकाळी चहाच्या आधी पाच-पंचवीस माणसं जन्माला घालतात.

नगरच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे. आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. ते नीट चालतं का हे तपासायला खोटे पेशंट लागतात. टेस्ट सुरू झाली की ते तयार होतात, संपली की पुसले जातात. बाकीचे आम्ही नावाच्या जागी 'अबक' टाकून मोकळे होतो. साळव्यांना ते खपत नाही. "मॅडम, पोकळ मानूस उभं ऱ्हात न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या पेशंटला गाव असतं, रक्तगट असतो, वांग्याची ॲलर्जी असते. कर्जतच्या एका खोट्या म्हाताऱ्याला तर त्यांनी तंबाखू सोडायला लावली. टेस्ट संपली की स्क्रीनकडे बघत हळूच म्हणतात, "गेली समदी." आणि पुन्हा सुरू करतात. त्यांच्या शेजारी बसायला सगळेच टाळतात. मीही टाळायचे.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी पेढे आणले. "भाची धावी पास झाली. आमच्या शालनची थोरली."

आम्ही पेढे हाणले. साळवे एकटे राहतात, त्यांना बहीण आहे हे ऐकून मला बरंच वाटलं. दुपारी त्यांचा कोड तपासायला घेतला, तर त्यात शालन. राहणार पारनेर, दोन मुली, चष्मा, गुडघेदुखी. मी मागच्या वर्षीची फाईल काढली. तेव्हा चष्मा नव्हता. ही बाई टेस्टमध्ये म्हातारी होत चालली होती, आणि तिच्या लेकीचे पेढे माझ्या पोटात होते.

विचारायचा काही धीर झाला नाही.

मग एका दवाखान्याला सॉफ्टवेअर द्यायची वेळ आली आणि एकच टेस्ट राहिली: पेशंट दगावला तर नोंद बरोबर होते का? साळवे रोज "उद्या बघू" म्हणायचे. दवाखान्याचे फोन सुरू झाले तशी मी वैतागून त्यांच्या खुर्चीपाशी गेले. "सरका, मीच लिहिते." सगळ्यात भरगच्च माहिती शालनची, म्हणून मी तिलाच घेतलं.

साळव्यांनी माझं मनगट धरलं.

"हिला नगा मारू, मॅडम. ही एकदा गेलीया. ऊसतोडीला गेल्तो आमी, खोपीत तापानं गेली. लई ल्हान हुती. जन्माची नोंद न्हाई, मरनाची न्हाई, फोटूसुदिक न्हाई. जनू नव्हतीच कुटं. आत्ता कुटं संसाराला लागलीया ओ."

एरवी मी हसले असते. खोट्या बाईला कोण मारतंय! पण माझेच डोळे भरून आले. मी शालनचं नाव खोडलं आणि विचारलं, "मग कोणाला घ्यायचं?"

साळव्यांनी कीबोर्ड ओढून घेतला आणि मेलेल्या पेशंटच्या जागी स्वतःचं नाव घातलं. गाव, वय, रक्तगट, बीपीच्या गोळ्या, सगळं खरं. 'मृत्यूसमयी जवळ कोण होते' हा रकाना आला. त्यांचा हात काही अडला नाही. त्यांनी लिहिलं, 'बहीण, शालन.'